कळशीभर पाणी, अडीचशे किलोमीटर

ऑक्टोबर 2020. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या ‘एनसीएल’मध्ये, एका पाच आसनी सेडानची चाचणी झाली. मूळची बॅटरीवर चालणारी ही गाडी. तिच्यात सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून घडवलेला हायड्रोजनचा इंधनघट बसवला होता. देशी बनावटीच्या इंधनघटावर धावलेली ही भारतातली पहिली मोटार.

हायड्रोजनची गाडी म्हटलं की इंजिनात हायड्रोजन जळत असेल, असं वाटतं. इथं काहीच जळत नाही. घटात एक पातळ पापुद्रा असतो, त्याच्या एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा. प्लॅटिनमच्या बारीक कणांवर हायड्रोजनची फोड होते. प्रोटॉन पापुद्र्यातून पलीकडे निसटतात, इलेक्ट्रॉनना मात्र तिथून वाट नाही. ते तारेतून वळसा घालून जातात आणि जाता जाता मोटर फिरवतात. पलीकडे दोघांची ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी तयार होतं. एका घटातून एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून असे अनेक घट वहीच्या पानांसारखे एकाला एक लावून रचतात. पुण्यातल्या या रचनेची क्षमता 10 किलोवॅट, आणि ती 65 ते 75 अंश सेल्सिअसला काम करते.

टाकीत 350 बार दाबाखाली 1.75 किलो हायड्रोजन मावतो. ताशी 60-65 किलोमीटर वेगानं तेवढ्यावर सुमारे 250 किलोमीटर जाता येईल, असा अंदाज होता. तेवढ्या प्रवासात तयार होणारं पाणी साधारण 16 लिटर, म्हणजे एक मोठी कळशी.

पण हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढला, तर गाडीचा वाचलेला धूर कारखान्यातून निघतो. हायड्रोजन उन्हाच्या विजेनं पाणी फोडूनच मिळवायला हवा. किलोमागे 50 ते 55 युनिट वीज लागते, म्हणजे ही टाकी भरायला नव्वदेक युनिट. गच्चीवरच्या 3 किलोवॅटच्या पॅनेलचं हे आठवडाभराचं उत्पन्न झालं! तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर छोटी विजेची गाडी सहज 500 किलोमीटर जाईल. त्यामुळे घरच्या मोटारीसाठी हा खटाटोप मला पटत नाही.

बसचं गणित वेगळं. ऑगस्ट 2022 मध्ये सीएसआयआर-केपीआयटी याच जोडीची हायड्रोजन बस पुण्यात दाखल झाली. लांब पल्ल्याची एक डिझेल बस वर्षाला सुमारे 100 टन कार्बन डायऑक्साइड सोडते, असं तेव्हा केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी सांगितलं होतं. अशा बसला बॅटरीचं ओझं जड होतं आणि चार्जिंगसाठी तासन्‌तास उभं राहणं परवडत नाही. स्वारगेटहून सोलापूरला जाऊन त्याच दिवशी परतणारी गाडी आधी या घटावर यावी, असं मला मनापासून वाटतं.