कमी कर्बाची इमारत आणि बांबूतील भुंगेरा

वास्तुशास्त्र व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये अलीकडे एका विषयाने जोर धरला आहे. तो म्हणजे कमी ऊर्जेवर चालणारी आणि उभारतानाही कमी कर्बवायू सोडणारी इमारत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००२ साली वॉशिंग्टन येथे ‘सोलर डेकॅथलॉन’ ही विद्यार्थी स्पर्धा सुरू केली. दहा कसोट्यांवर घर पारखले जाते, म्हणून हे नाव. फ्रान्समधील व्हर्साय येथे २०१४ मध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘शून्य’ या संघाने स्वतः रचलेले सौर घर मांडले. २०२० पासून ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ या नावाने ही स्पर्धा भारतातही होत आहे.

अशा प्रकल्पांचा शेतीशी संबंध दिसतो त्याहून निकटचा आहे. विद्यार्थी सिमेंट व पोलादाला पर्याय म्हणून ज्या वस्तू सुचवितात, त्यांतील बांबू आणि भाताचा पेंढा शेतातच तयार होतात. त्या किती वर्षे टिकतील, हे मात्र बहुतांशी कीटकशास्त्राच्या कक्षेतील प्रश्न ठरविते.

कर्बाचा हिशेब आणि आयुष्याची अट

इमारतीचे कर्बउत्सर्जन दोन प्रकारचे असते. पंखे, दिवे, वातानुकूलन यांच्या वापरातून होणारे पहिले. बांधकामाचे साहित्य तयार करताना व वाहून नेताना होणारे दुसरे. सिमेंटच्या बाबतीत निम्म्याहून अधिक कर्बवायू इंधनातून येत नाही. भट्टीत चुनखडीचे विघटन होताना तो बाहेर पडतो. म्हणून केवळ सौर वीज वापरून सिमेंटचा भार हलका होत नाही.

बांबू वाढताना हवेतील कर्ब शोषून घेतो. तो वासा, तुळई वा भिंत म्हणून जितकी वर्षे उभा राहील, तितकी वर्षे हा कर्ब बंदिस्त राहतो. प्रकल्पातील हिशेब या गृहीतकावर उभा असतो. परंतु प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीच्या संपर्कात साधारणतः १ ते ३ वर्षे आणि छपराखाली ४ ते ६ वर्षे टिकतो. बांबू पोखरला गेला की त्यातील कर्ब हवेत परततो आणि नवे साहित्य आणावे लागते. कागदावरील बचत अशा प्रकारे काही पावसाळ्यांतच संपुष्टात येऊ शकते.

भुंगेरा बांबूत का शिरतो?

डायनोडेरस वर्गातील लहान तपकिरी भुंगेरे हे तोडलेल्या बांबूचे प्रमुख शत्रू होत. बांबूची बाहेरची साल सिलिकायुक्त व कठीण असल्याने ते कापलेली टोके, फांद्या छाटल्याच्या जखमा आणि आतील बाजू यांतून प्रवेश करतात. त्यांना हवा असतो तो पेशींत साठलेला स्टार्च. मादी आत अंडी घालते, अळ्या बांबू पोखरतात आणि पिठासारखा भुसा खाली पडू लागतो. भुसा दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते.

म्हणजेच संरक्षणाची सुरुवात तोडणीपासून होते. नवे कोंब फुटण्यापूर्वी, उन्हाळ्यात, बांबूत स्टार्च अधिक असतो. कोंबांची वाढ झाल्यावर तो घटतो. त्यामुळे पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात, ३ ते ४ वर्षे वयाचे पक्व बांबू तोडणे हितावह ठरते. अंधाऱ्या पक्षात बांबू तोडण्याची रीत अनेक ठिकाणी पाळली जाते. तथापि पक्षापेक्षा ऋतू आणि बांबूचे वय यांना अधिक महत्त्व द्यावे. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीलाही शास्त्रीय आधार आहे. स्टार्च व शर्करा कमी झाल्याने भुंगेऱ्याचे आकर्षण घटते.

प्रक्रिया आणि रचना

घरबांधणीसाठी बोरिक आम्ल व बोरॅक्स १ : १.५ या प्रमाणात घेऊन केलेल्या द्रावणाची प्रक्रिया प्रचलित आहे. गाठींचे पडदे आतून छेदून ताजा बांबू द्रावणात बुडवून ठेवला जातो. बांधकामाच्या बांबूवरील प्रक्रियेसाठी आयएस ९०९६ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. दोन गोष्टींचे भान ठेवावे. बोरॉनची संयुगे पावसाच्या पाण्याने धुपून जातात, म्हणून असा बांबू छपराच्या आश्रयानेच वापरावा. तसेच अधिक बोरॉन पिकांना अपायकारक असल्याने उरलेले द्रावण शेतात, ओढ्यात वा विहिरीजवळ टाकू नये.

वाळवीचे वर्तन निराळे आहे. ती जमिनीतून मातीच्या बोगद्यांनी वर चढते. बांबूचा खांब थेट जमिनीत न रोवता दगडी वा काँक्रीटच्या उंच बैठकीवर उभा करावा आणि बैठकीभोवतीची जागा पाहणीसाठी मोकळी ठेवावी. म्हणजे बोगदे वेळीच दिसतात. इमारतींतील वाळवी नियंत्रणासाठी आयएस ६३१३ या मानकात रचनात्मक व रासायनिक असे दोन्ही उपाय दिले आहेत. रचनात्मक उपाय प्रथम करावेत.

पेंढ्याच्या भिंतींसाठी ओलावा हा कळीचा मुद्दा आहे. ओलसर गठ्ठ्यात बुरशी वाढते व तिच्यावर जगणारे सूक्ष्म कीटक येतात. मळणीत राहिलेले दाणे उंदीर व साठवणुकीतील किडींना निमंत्रण देतात. पूर्ण वाळलेला, दाणेविरहित पेंढाच बांधकामासाठी द्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आराखडा करतात. बांबू कोणत्या महिन्यात तोडला, हे शेतकऱ्यालाच ठाऊक असते. ही माहिती दोघांमध्ये पोहोचविण्याचे काम विस्तार कार्यकर्ते करू शकतात. भारतीय वन कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि वनाबाहेरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. बांधकामाची बाजारपेठ मिळवायची, तर मालासोबत त्याची नोंदही द्यावी लागेल. ती पुढीलप्रमाणे असावी :

• बांबूची जात, वय व तोडणीचा महिना
• पाण्यात ठेवल्याचे दिवस अथवा केलेली प्रक्रिया
• प्रक्रियेनंतर सावलीत वाळविल्याचा कालावधी

गावात कार्यानुभवासाठी येणारे कृषिदूत व कृषिकन्या यांना जुन्या बांबूबांधणीची पाहणी हा विषय देता येईल. गोठा, मांडव वा कांदाचाळीतील कोणता बांबू किती वर्षांचा आहे, भुसा कोठे पडतो, वाळवीचे बोगदे कोठून चढतात, एवढ्या नोंदीही उपयुक्त ठरतील. कमी कर्बाच्या इमारतीचा आराखडा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आयुर्मानाचा अंदाज बांधण्यासाठी नेमकी हीच माहिती लागते.