दिवे लावले की एंजिन का दबते?

तुमच्या ओळखीत कोणी जुनी, कार्बुरेटरची मोटार जपून ठेवली असेल, तर एक गोष्ट अवश्य पाहा. गाडी मोकळ्या जागेत उभी असावी, गियर न्यूट्रलमध्ये असावा आणि तापलेले एंजिन आपल्या संथ लयीत फिरत असावे. या संथ फिरण्याला मेकॅनिक नुसते ‘स्लो’ म्हणतात. आता मालकांना पुढचे दिवे आणि वायपर चालू करायला सांगा. एंजिनाचा आवाज लगेच जड होतो आणि लय उतरते. मिनिटाला ८५० फेऱ्या होत असतील तर त्यात पन्नास-शंभरांची घट सहज होते. दिवे बंद करताच आवाज पुन्हा पहिल्यासारखा!

दिवे तर बॅटरीवर जळतात, मग एंजिनाला त्याचे काय, असे तुम्हाला वाटेल. पण बॅटरी ही घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखी आहे. टाकीत पाणी पंप चढवतो, तसे बॅटरीत विद्युत भारण अल्टरनेटर करतो. हे एक विद्युतजनित्र असून एंजिन त्याला पट्ट्याने फिरवते. एंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्ट दाब राखतो. बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याहून कमी. त्यामुळे दिव्यांना लागणारा प्रवाह बॅटरीतून न येता थेट अल्टरनेटरमधून येतो.

आता खरी गंमत. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले, की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर तारेच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. लेन्झ यांनी १८३४ मध्ये त्याला पुस्ती जोडली, की निर्माण झालेला प्रवाह आपल्या कारणालाच विरोध करतो. परीक्षेत हा नियम विद्यार्थी घडाघडा लिहितात, पण त्याचा अर्थ विचारला की गप्प बसतात. अर्थ असा: अल्टरनेटरमधून प्रवाह घेतला नाही तर तो हलका फिरतो. प्रवाह घेतला, की त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढू लागते. जितका प्रवाह जास्त, तितकी ओढ जास्त. ही ओढ पट्ट्यामार्फत एंजिनापर्यंत पोहोचते.

ती किती असते? पुढचे दोन दिवे ४५ ते ६० वॉटचे, मागचे लहान दिवे, वायपर आणि ठिणगी पाडणारे कॉइल मिळून २०० वॉट धरू. जुने अल्टरनेटर आणि पट्टा यांत जवळजवळ निम्मी शक्ती उष्णतेत वाया जाते. म्हणजे एंजिनाकडून घ्यायचे सुमारे ४०० वॉट, अर्ध्या अश्वशक्तीहून थोडे अधिक. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन पूर्ण जोरात सुमारे ४० अश्वशक्ती देत असे. रस्त्यावर धावताना त्यातली अर्धी गेल्याचे कळतही नाही. पण उभ्या गाडीत एंजिन चाकांना काहीच देत नसते. स्वतःचे घर्षण आणि हवा ओढण्याचे काम भागवण्यापुरती, ढोबळमानाने एखादा किलोवॉट, एवढीच शक्ती ते निर्माण करते. तिथे ४०० वॉट ही मोठी मागणी झाली.

मग ते जास्त पेट्रोल का घेत नाही? कारण देणारा कोणी नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतो आणि थ्रॉटलची झडप स्क्रूने ठरवलेल्या बारीक फटीइतकीच उघडी असते. झडपेमागे दाब इतका कमी असतो, की हवा त्या फटीतून जवळजवळ ध्वनीच्या वेगाने आत घुसते. त्यापलीकडे आतून कितीही ओढले तरी दर सेकंदाला येणारी हवा वाढत नाही. हवा ठरलेली म्हणून पेट्रोलही ठरलेले. रेशन तेवढेच आणि खाणारे तोंड एक वाढले, तशी ही अवस्था.

अशा वेळी एंजिन एकदम बंद का पडत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. वेग उतरला, की तेच मिश्रण मिनिटाला कमी फेऱ्यांत वाटले जाते. प्रत्येक सिलिंडरला दर वेळी मोठा घास मिळतो आणि दट्ट्याला बसणारा धक्का वाढतो. शिवाय घर्षणात जाणारी शक्ती घटते. अशा रीतीने खालच्या वेगावर नवा समतोल साधतो. मात्र याला मर्यादा आहे. फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेऱ्या ९०० वरून ६०० वर आल्या, तर ती निम्म्याहूनही कमी उरते. मग पुढच्या दाबाच्या खेपेला दट्ट्या वर ढकलणे जड जाते आणि एंजिन आचके देऊन थांबते. मुंबईच्या पावसात दिवे, वायपर लावून सिग्नलला उभी असलेली टॅक्सी नेमकी हिरवा दिवा लागताना बंद पडे, त्यामागे पुष्कळदा हेच असे. (पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या.)

त्याहून जुन्या फियाट आणि अँबॅसेडर गाड्यांत अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. तो संथ फिरताना जवळजवळ काहीच वीज देत नसे. तिथे भार खरोखरच बॅटरीवर पडे, आणि एंजिनाऐवजी दिवेच मंद होत. रेस केली की ते उजळत!

यावर सोपा इलाज म्हणजे स्क्रू फिरवून स्लो वाढवणे. मला तो पहिला इलाज म्हणून पसंत नाही, कारण दिवे नसतानाही दिवसभर जास्त पेट्रोल जळते. आधी प्लग, पट्ट्याचा ताण आणि बॅटरी तपासावी. हल्लीच्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक भार ओळखून हवा आणि पेट्रोल वाढवतो, म्हणून लय उतरलेली जाणवत नाही.

जुनी मोटार मिळाली नाही, तर चाकाला घासणारा डायनामो असलेली सायकल चालेल. सायकल उलटी करा, डायनामो चाकाला टेकवा आणि पेडलने चाक ठरावीक वेगाने फिरवून सोडा. थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. मग दिव्याचा बल्ब काढा, पण डायनामो टेकलेलाच ठेवा, आणि पुन्हा मोजा. डायनामो टेकलेलाच का ठेवायचा, याचा विचार करा. दोन्ही प्रकारे निदान पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढा.