मशीन, सलाईन आणि मांडीतली सुई

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की 25 किलोमीटरवर पापनाशम लागतं. कावेरीच्या खोऱ्यातलं हे भाताचं गाव. इथल्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिराच्या आवारात नायकांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार अजून उभं आहे. पोंगलच्या सुमारास सांबा भाताची कापणी सुरू झाली की यंत्रांमागे पिवळट धुळीचे लोट उठतात. तंजावरचं भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये संपलं, पण मराठी बोलणारी घरं या पट्ट्यात आजही आहेत. त्यांतल्या एका घरी मी कापणीच्या दिवसांत पाहुणी होते.

संध्याकाळी घरच्या काकूंना धाप लागली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून त्या ओट्यावर बसल्या होत्या, खांदे वर-खाली होत होते. "सुनबाई," म्हणून थांबल्या, श्वास घेतला, मग "पाणी" म्हणाल्या. कुणी पाठीला बाम चोळत होतं, कुणी पंखा आणत होतं. मुलगा म्हणाला, "गाडी काढतो, दवाखान्यात मशीन लावतील." दम्याचा निळा पंप कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला होता. "फारच झालं तर" घ्यायचा म्हणून!

"पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय" ही समजूत पापनाशमपासून परभणीपर्यंत सारखीच आहे. हिशोब करून पाहू. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम असतं. त्याच औषधाची 4 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे 40 फवाऱ्यांइतकं औषध, आणि ते पोटातून सगळ्या अंगात फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते, श्वासनळीपर्यंत पोचतं थोडंच. घरोघरी गोळी बिनधास्त घेतली जाते आणि पंप मात्र लपवला जातो. पंपाचं व्यसन लागत नाही. तो वारंवार लागायला लागला, तर दमा आटोक्यात नाही एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी समजूत मशीनची. नेब्युलायझरचा धूर दिसतो, आवाज येतो, मास्क चढतो, म्हणून ते मोठं औषध वाटतं. आत घालतात ते बहुधा पंपातलंच साल्ब्युटामॉल. साधारण किंवा मध्यम जोराच्या झटक्यात पंप स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, नीट दिला तर तो मशीनइतकाच चालतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. अशा झटक्यासाठीच्या जागतिक मार्गदर्शनानुसार पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी 4 ते 10 फवारे देतात, एकेक करून. स्पेसर नसेल तर? केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिलं, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून केलेला स्पेसर मुलांच्या झटक्यात विकतच्याइतकाच कामाला येतो. काकूंच्या सुनेने नेमकं तेच केलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला शिकवलेलं होतं. खिळा गॅसवर तापवून तिने बाटलीचं बूड वितळवलं, कड पंपाला घट्ट बसेपर्यंत दाबली, बाटलीचं तोंड काकूंच्या ओठांत दिलं. एक फवारा, चार-पाच संथ श्वास, मग दुसरा. हे गाडी येईपर्यंतचं काम. दवाखाना त्याने टळत नाही, आणि काकूंनाही नेलंच.

तिथे गेल्यावर नातेवाईक काय मागतात? सलाईन आणि इंजेक्शन. दम्याचा झटका सलाईनने ओसरत नाही. पूर्वी सर्रास देत ते थिओफिलिनच्या जातीचं शिरेतलं इंजेक्शन आता मार्गदर्शक सूचनांत शिफारशीत नाही. फायदा थोडा, उलट्या आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड जास्त. खरं काम करतं ते स्टेरॉइड. त्याचंही नाव ऐकलं की घरचे दचकतात. श्वासनळीची सूज उतरवणारं तेच आहे, आणि रुग्ण गिळू शकत असेल तर प्रेडनिसोलोनची गोळी शिरेतल्या सुईइतकीच परिणामकारक ठरते. मोठ्यांना 5 ते 7 दिवस, मुलांना 3 ते 5. असर दिसायला साधारण चार तास लागतात, म्हणून ते पहिल्या तासातच पोटात गेलं पाहिजे. जोडीला लागेल तेवढाच ऑक्सिजन, गरज पडली तर श्वासनळी मोकळी करणारं इप्रॅट्रोपियम, आणि तरीही न हटणाऱ्या झटक्यात मॅग्नेशियम सल्फेट. अँटिबायोटिक आणि छातीचा एक्स-रे प्रत्येकाला लागत नाहीत. रुग्ण घाबरलाय म्हणून झोपेचं औषध तर मुळीच देऊ नये, श्वास मंदावतो.

सगळ्यांत घातकी समजूत अशी: घरघर थांबली म्हणजे आराम पडला. शिटी वाजायला हवा आत-बाहेर जावी लागते. हवाच जाईनाशी झाली की छाती गप्प होते. रुग्ण बोलेनासा झाला, गुंगायला लागला, ओठ निळसर झाले आणि आवाज थांबला, तर ती घटका फार वाईट असते.

आता ॲलर्जी. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. नुसत्या खाजेला त्याने गार वाटत असेल. पण तो पित्ताचा विकार नाही. शरीरातल्या ठरावीक पेशी हिस्टामिन आणि तशीच इतर रसायनं एकदम सोडतात, त्याचा तो उठाव असतो. त्याबरोबर आवाज घोगरा झाला, धाप लागली, उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर तो जीवघेणा ॲनाफिलॅक्सिस. दहातल्या एक-दोघांच्या अंगावर काहीच उठत नाही, म्हणून पुरळाची वाट बघत बसू नये.

पापनाशमच्या पट्ट्यात ताड-नारळांवर मोठ्या गांधीलमाश्यांची पोळी लागतात. तमिळमध्ये त्यांना कदंडू म्हणतात; पोळं काढायला अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. अनेक डंख झाले तर विषानेच माणूस दगावू शकतो, ॲलर्जी असणाऱ्याला एक डंखही पुरतो. अशा वेळी कंपाउंडरपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनचं, फेनिरामाइनचं. ते खाज कमी करतं. घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्याने सावरत नाही. ते काम एड्रेनालिनचं. आधी एड्रेनालिन, बाकी सगळं नंतर.

"हृदय बंद पडेल" ही त्याची भीती डॉक्टरांनाही असते, आणि मला सगळ्यात जास्त चीड याच उशिराची येते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या 1 मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलचा अर्धा भाग, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. या मात्रेत आणि या जागी ते सुरक्षित आहे. धोका वाढतो तो शिरेतून घाईने दिल्यावर. मांडीच का? मुलांवरच्या 1998 च्या अभ्यासात मांडीच्या स्नायूतून औषध साधारण 8 मिनिटांत रक्तात शिखराला पोचलं, कातडीखाली दिल्यावर 34 मिनिटांनी. ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या 2000 सालच्या अभ्यासात श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला मध्यक वेळ अन्नामुळे 30 मिनिटं, डंखामुळे 15 आणि दवाखान्यात दिलेल्या औषधामुळे अवघी 5 मिनिटं होता. फरक पडला नाही तर 5 ते 15 मिनिटांनी दुसरा डोस देतात.

रुग्णाला उठवून चालवत नेऊ नका. आडवं करून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावं, पण उभं करू नये. अचानक उभं राहिल्यावर प्राण गेल्याच्या नोंदी आहेत. आणि दमेकऱ्याला कोळंबी खाल्ल्यावर, इंजेक्शननंतर किंवा डंखानंतर एकाएकी धाप लागली, तर नुसत्या पंपावर भागवू नये. तो ॲनाफिलॅक्सिसच असू शकतो आणि दमेकऱ्यांत तो जास्त दगा देतो.

"बरं वाटतंय, घरी नेतो" हे वाक्य कॅज्युअल्टीत रोज ऐकू येतं. ॲनाफिलॅक्सिस काही तासांनी उलटू शकतो, म्हणून काही तास निगराणीत ठेवतात. झटका जबर असेल तर जास्त. दम्याचं दुखणं तर घरी गेल्यावरच खरं हाताळायचं असतं. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक इथले, असा जागतिक आजार-अंदाज आहे. 2019 पासून जागतिक मार्गदर्शन सांगतं, की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. सूज आवरणारा स्टेरॉइडचा पंप हवाच.

आणि कागद हवा. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट लिहून ठेवल्या. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या आजही आहेत. कशाने त्रास झाला, काय दिलं, किती वाजता दिलं, पुढचा झटका आला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे लिहून मागून घ्यावं.

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या. सुनेने तो कागद देवघराच्या भिंतीला चिकटवला आणि पंप पिशवीतून काढून त्याच्या खालच्या फळीवर ठेवला, भोक पाडलेल्या बाटलीशेजारी.