काकू, 'का' कुणाला विचारू?

तीनेक वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून जरा पाठ टेकणार, तोच आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या वहिनी दारात. मागे त्यांची धाकटी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. वहिनी म्हणाल्या, "ताई, हिचं बी.ए. झालं. आता हिला ते मास कॉम का काय ते करायचंय. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा बघा ना हिचं."

मी शिकलेली म्हणजे काय, तर बी.ए., तेही पंचवीस वर्षांपूर्वीचं. पण बचत गटाच्या बैठका, दर गुरुवारी ओट्यावर भरणारं आमचं फिरतं वाचनालय, यामुळे गावाला वाटतं की ताईंना सगळं माहीत असतं. आणि आपल्यालाही 'नाही' म्हणायला जड जातंच की! मी 'हो' म्हणून बसले.

मग रीतसर तयारी सुरू झाली. स्पर्धा परीक्षेचं जाडजूड गाईड आणलं. देश-राजधान्या, पुरस्कार, 'दर्पण' कधी निघालं (1832, बाळशास्त्री जांभेकर), सगळं घोकून घेतलं. 'प्रसारमाध्यमे : शाप की वरदान' हा निबंध मी स्वतः लिहून दिला आणि तिच्याकडून पाठ करून घेतला. लेखी परीक्षा बरी गेली. मुलाखतीला मी सोबत गेले. दहा मिनिटांत पोर बाहेर आली ती चेहरा पाडूनच. आत तिला एवढंच विचारलं होतं, "तुमच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं?" ती म्हणाली, "आठ दिवसांनी." पुढचा प्रश्न, "का?"

त्या 'का'चं उत्तर गाईडात नव्हतं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी माझ्या पर्सची चेन उघडबंद करत होते. चूक तिची नव्हती, माझी होती. ज्या शिक्षणात माणसांशी बोलायचं, ऐकायचं, पडताळून बघायचं आणि मग सांगायचं, त्याची तयारी मी तिला गप्प बसवून, पाठांतर करायला लावून केली होती. आपण घरी तरी दुसरं काय करतो म्हणा. मुलगी चौथीत असेपर्यंत तिच्या 'का, कसं, कुठे'चं कौतुक, आणि ओढणी आली की "फार प्रश्न विचारू नकोस, बरं दिसत नाही."

तिचे वडील साखर कारखान्यात कामाला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "एक वर्ष देतो. पुढच्या खेपेला नाही जमलं तर मी स्थळं बघणार." बाप म्हणून त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, धाकटीच्या मागे अजून एक भाऊ शिकायचा होता. पण ते एक वर्ष माझ्याही उशाशी येऊन बसलं.

या वेळी गाईड कपाटात गेलं. मी म्हटलं, "त्या 'का'चं उत्तर शोधून आण." तर तिचा पहिला प्रश्न, "काकू, 'का' कुणाला विचारू?" वीस वर्षांच्या, पदवीधर मुलीचा हा प्रश्न! सुरुवात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मामांपासून केली. ते म्हणाले, गाव वाढलं, टाकी तेवढीच राहिली. नगरपालिकेतले साहेब म्हणाले, आठ दिवस कोण म्हणतं? आमचं पाणी चार दिवसांआड सुटतं. आता खरं कोण? माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज दिला, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं. त्यातही 'चार दिवसांआड'च. अर्ज द्यायला आई सोबत गेली होती, कारण "पोरीच्या जातीनं एकटीनं तिथे कशाला जायचं" हे वडिलांचं म्हणणं. वहिनींनी त्या दिवशी तीन ब्लाऊज उशिरा दिले आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

मग पोरीला जे सुचलं ते मला सुचलं नसतं. आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं ना? दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, आणि पाणी आलं त्या तारखेभोवती गोल. ती घरोघर जाऊन कॅलेंडरं बघू लागली. नऊ घरांची तीन-तीन महिन्यांची पानं उतरवली. कुठेही सातच्या आत पाणी नव्हतं. ज्या नोंदीला आपण नोंद म्हणतच नाही, तीच पुरावा ठरली. दोनशे शब्दांचा मजकूर तिनं सहा वेळा लिहिला. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा 'क' त्यात आलेत का, तेवढंच मी बघायचे. एका वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत तो छापून आला. वडील दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "त्या नऊ घरांत आपलं घर धरलंस का?"

या शाखेला काही ठिकाणी जनसंज्ञापन म्हणतात, काही ठिकाणी जनसंवाद. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या पुस्तकी गोष्टीही आम्ही दोघी मिळून शिकलो, माझ्या ओट्यावर, शेंगा फोडत. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1948 मध्ये सांगितलं की संज्ञापन समजून घ्यायचं तर पाच गोष्टी विचारा : कोण बोलतंय, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला, आणि परिणाम काय झाला. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या इंजिनीअरनं 'नॉइज', म्हणजे निरोपाच्या वाटेतला अडथळा, याचा हिशेब मांडला. पोर म्हणाली, समजलं नाही. मी तिला आमच्या संक्रांतीची आठवण करून दिली. हळदीकुंकवाचा निरोप माझ्या पुतण्याकरवी धाडला होता. मी सांगितलं 'परवा', त्यानं वाटेत क्रिकेट बघत बघत सांगितलं 'उद्या', आणि दुसऱ्या दिवशी सतरा जणी दारात, घरात तिळगूळ नाही! सांगणारी मी, माध्यम पुतण्या, अडथळा क्रिकेट, आणि परिणाम तुम्हाला कळलाच असेल. तिच्या वहीत ते उदाहरण अजून आहे.

आणि प्रतिसाद, म्हणजे 'फीडबॅक'? त्याची गोष्ट तर आपल्याच महाराष्ट्रातली. 1956 मध्ये पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ मंडळं सुरू केली होती. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न उलट कळवायचे. असं दहा आठवडे. म्हणजे रेडिओनं नुसतं सांगायचं नाही, ऐकायचंही. म्हसवडच्या माणदेशीचा सामुदायिक रेडिओ 2008 पासून हेच वेगळ्या रीतीनं करतो आहे. अशी जवळची उदाहरणं मुलीच्या तोंडी असली की परदेशी नावं आपोआप लक्षात राहतात.

तुमच्या घरात अशी एखादी असेल तर माझ्या ठेचांवरून चार गोष्टी सांगते. प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशाची रीत वेगळी, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. पुणे विद्यापीठाचा विभाग, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, तो 1964 पासूनचा. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या चौकशीबरोबरच करा, कारण आपल्या मुलींचे प्रवेश गुणांपेक्षा तिथेच जास्त अडतात, हे मी पाहिलंय. जातीचे, उत्पन्नाचे दाखले उन्हाळ्याआधी काढून ठेवा. आणि रोज एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून वाचायची, कुणी काय गाळलं ते वहीत लिहायचं. मोबाइलवर आलेला एखादा पुढे ढकललेला मजकूर घ्यायचा आणि तो खरा की खोटा, ते शोधून काढायचं. माझ्या सासूबाईंनी 'हे खाल्लं की शुगर जाते' असं आठवड्याला दोन निरोप पाठवून तिचा भरपूर सराव करून घेतला! इंग्रजी कच्चं असेल तर रोज एका बातमीचं मराठी करायचं. शब्दाला शब्द नाही, आजीला सांगतो तसं.

दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीला मी गेले नाही, मुद्दामच. ती आणि तिची आई गेल्या. तिनं कॅलेंडरांचं सांगितलं, तर समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमचे आकडे चुकीचे असतील तर?" ती म्हणाली, "असू शकतील. नऊच घरं आहेत, आणि सगळी चढावरच्या गल्लीतली. उतारावर पाणी लवकर येतं, तिथे मी विचारलंच नव्हतं. ते माझं राहिलं." फोनवर हे ऐकताना मी ओट्यावरच बसकण मारली. यादीत तिचं नाव सतरावं होतं.

पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिला कुणा एका कष्टकरी बाईची मुलाखत ध्वनिमुद्रित करून न्यायची होती. तिनं आईलाच बसवलं. मोबाइल समोर ठेवला आणि म्हणाली, "आई, जरा मशीन थांबव, आवाज येतो." वहिनी म्हणाल्या, "थांबवली तर मला बोलायला सुचणार नाही." मग मशीन चालूच राहिली. सातवीत शाळा का सुटली, हे वहिनी त्या खडखडाटातच बोलल्या. मला पंधरा वर्षांत ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता ओट्यावर दोन नव्या मुली येतात, एक बारावीची, एक कॉलेजातली. परवा बारावीची म्हणाली, "काकू, आपल्या एस.टी. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप का असतं?" किल्ली कुणाकडे असते ते आधी बघ, म्हटलं. वही घेऊन दोघी गेल्यात.