सुरगाठ, निरगाठ आणि गोफ

गुराच्या दाव्याला दोन टोकं असतात आणि दोन्हींच्या गाठी वेगळ्या लागतात. आजोळी मी वासराच्या गळ्यात पहिल्यांदा दावं बांधलं ते फासगाठीनं. मामांनी ती आधी सोडली, मग म्हणाले, "गळ्यातली गाठ सरकता कामा नये रे. हिसका बसला की जीव गुदमरेल त्याचा. खुंट्याला मात्र सुरगाठच मार. रात्री गोठ्याला आग लागली तर एका ओढीत सुटली पाहिजे."

सुरगाठ मोकळं टोक ओढलं की सुटते. निरगाठ एकदा बसली की तिला दात लावावे लागतात. गाठी शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी हा फरक बोटांनी अनुभवावा, नावं नंतर पाठ करावीत.

त्याआधी दोर नीट पाहावा. सूत एका दिशेनं पिळतात आणि त्याचे पेड एकत्र वळताना पीळ उलटा देतात. एक पीळ उलगडू लागला की दुसरा आवळतो, म्हणून दोर दोर राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हेकट माणसाला म्हणतो. मला त्या म्हणीत दोर वळणाऱ्याचा हात दिसतो. गाठही अशीच घर्षणावर उभी असते. त्यामुळे खरखरीत काथ्यात पक्की बसणारी गाठ गुळगुळीत नायलॉनमध्ये निसटू शकते.

स्काउटमध्ये सुरुवातीलाच शिकवतात ती रीफ नॉट. डावं टोक उजव्यावरून, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूनं गेलात तर तिची फसवी बहीण तयार होते. तिची टोकं दोराला समांतर न राहता आडवी फुटतात आणि ती सरकते. खरी रीफ नॉट जहाजावर शिडं आखडून बांधायची. एक टोक उलट्या बाजूला हिसकलं की ती कोलमडते, आणि खलाशाला तेच हवं असे. पण दोन दोर जोडून त्यावर माणसाचा भार टाकायचा असेल, तर हाच गुण जीव घेतो. क्लिफर्ड अ‍ॅशली या अमेरिकन चित्रकारानं याबद्दल कळकळीनं बजावलं आहे. व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर जाऊन आलेल्या या माणसानं ११ वर्षं खपून १९४४ मध्ये गाठींचा ग्रंथ काढला. त्यात ३८०० हून अधिक नोंदी आणि सुमारे ७००० चित्रं आहेत. प्रत्येक गाठ कोणत्या कामाची, हे तो आवर्जून सांगतो. म्हणूनच तो मला कोशापेक्षा शिक्षक वाटतो.

शोभेच्या विणीकडे जायला आपल्या घरातली वाट आहे: तिपेडी वेणी. बाहेरचा पेड मधल्यावरून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. हीच वेणी काठीभोवती फिरवून टोकाला टोक मिळवलं की खलाशांची पगडीसारखी कडी होते. ती एकाच दोरीत साधायची, तर पेडांची आणि कडेच्या वळणांची संख्या अशी हवी की दोहोंना १ खेरीज सामाईक भाजक नसेल. ३ पेड, ४ वळणं जमतं. ३ पेड, ५ वळणंही. ३ आणि ६ घेतलं की दोरी मध्येच सुरुवातीला येऊन मिळते आणि वीण अर्धवट राहते. हे मी सुतळीवर कितीदा तरी करून पाहिलं. दर वेळी दोरी अचूक आपल्या जागी परतते तेव्हा अंगावर शहारा येतो.

गोफ या शब्दात ही वीण सोन्याची होऊन गळ्यातही येते आणि नाचातही. गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात, तेव्हा वरून सोडलेल्या रंगीत दोरांची टोकं नाचणाऱ्यांच्या हातात असतात. एक आतून जातो, एक बाहेरून. प्रत्येक जण म्हणजे एक पेड. पायांच्या चालीनं डोक्यावर वेणी उतरत येते. एकाचं पाऊल चुकलं की गुंता. वीण पुरी झाली की तीच पावलं उलटी पडू लागतात. शेवटचा वेढा आधी सुटतो, मग त्याआधीचा. ढोल थांबतो तेव्हा एकही गाठ उरलेली नसते. प्रत्येकाच्या हातात आपापल्या रंगाचा दोर, सुटा.