कॉलेजातला 'चक्रीय' हिशेब आणि आपले पाचट



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलेमुली आता बी.बी.ए., एम.बी.ए. शिकताहेत. त्यांच्या अभ्यासात हल्ली 'चक्रीय अर्थव्यवस्था' असा एक विषय येतो. नाव जड, पण अर्थ सोपा. एका कामातला टाकाऊ माल दुसऱ्या कामाचा कच्चा माल झाला पाहिजे.

यासाठी वर्गात डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या गावाचे उदाहरण देतात. तेथे १९७२ पासून कारखाने एकमेकांशी जोडले जाऊ लागले. वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्याला मिळू लागली आणि औषध कारखान्याचा गाळ आसपासच्या शेतांत खत म्हणून गेला.

उदाहरण चांगलेच आहे. पण आम्ही म्हणतो, या पोरांना एक दिवस साखर कारखान्याच्या यार्डात आणून उभे करा. १ टन ऊस गाळला की साखर निघते साधारण १०० ते ११० किलो. त्याशिवाय बगॅस २८० ते ३०० किलो, मोलॅसिस ४० ते ४५ किलो आणि प्रेसमड, म्हणजे आपण शेतात टाकतो ती मळी, ३० ते ४० किलो. बगॅसवर बॉयलर चालतो, मोलॅसिसपासून अल्कोहोल होते, मळी रानात परत जाते.

मात्र खरा धडा पुढे आहे. मोलॅसिसपासून १ लिटर अल्कोहोल करताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो मळीवर फवारून कंपोस्ट केले, तर खत. ओढ्याला सोडला, तर डिस्टिलरीच्या ताळेबंदात एक पैसाही खर्च दिसत नाही. तो खर्च दिसतो खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत. दुसऱ्याच्या विहिरीतला हा खर्च आपल्या वहीत मांडायला जो शिकला, तो खरा व्यवस्थापन शिकला असे आम्ही समजतो.

आता आपल्या बांधावर या. तोडणी झाली की काडी लावायची, ही सवय अजून गेलेली नाही. एकरी ४ टन पाचट आणि त्यात अर्धा टक्का नत्र धरा. २० किलो नत्र झाले. म्हणजे युरियाची ४५ किलोची जवळजवळ एक गोणी! जाळले की यातले बहुतेक नत्र धुरात जाते, सेंद्रिय कर्बही जातो. मग तेच नत्र आपण दुकानातून विकत आणतो. याला धंदा म्हणायचे का?

तेव्हा खोडव्यात पाचट सरीत ठेवा. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका आणि पाणी द्या. बुडखे मात्र उघडे राहू द्या, नाहीतर फुटवा दबतो.

सुट्टीत पोरं घरी आली की त्यांच्याकडून दोन सऱ्यांचा हिशेब लिहून घ्या. एक पाचट जाळलेली, एक ठेवलेली. पाणी किती पाळ्या लागले, खुरपणी किती, खत किती, सगळे मांडू द्या. त्यांचा अभ्यास होईल आणि आपल्याला उत्तर मिळेल. हिशेब झाला की गट ऑफिसात आणून दाखवा. आम्ही तो जरूर पाहू.