कॅसेटला बुरशी लागण्यापूर्वी

भाताचे बियाणे कसे साठवावे, काजू बीला किती उन्हे द्यावीत, हे आपण माझ्याकडून पुष्कळदा ऐकले आहे. आज विषय सिनेमाचा आहे. कृषी अधिकाऱ्याला हे कुठून सुचले म्हणून हसू नका. शेवटी तो बुरशीवरच येणार आहे.

इन्सुलीत काय किंवा बांदा-सावंतवाडीकडे काय, जुन्या घरांच्या माळ्यावर अजून व्हिडिओ कॅसेटींचे गठ्ठे सापडतात. व्ही.एच.एस. कॅसेट जपानात १९७६ साली निघाली. आपल्याकडे १९८२च्या दिल्लीतील आशियाई खेळांबरोबर रंगीत टी.व्ही. आला आणि मागोमाग व्ही.सी.आर. पसरला. कोकणात तो मुंबईच्या चाकरमान्यांच्या आणि आखातात गेलेल्या मुलांच्या हातून आला. चतुर्थीला वर्गणी काढून टी.व्ही., व्ही.सी.आर. आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणायच्या, पडवीत पोती अंथरायची आणि पहाटेपर्यंत बघत बसायचे. मध्येच वीज गेली की कॅसेट यंत्राच्या पोटातच! सकाळी ती परत करायची असल्याने भाडे भरणाऱ्याचा जीव टांगणीला.

त्या पिढीचे शौकीन आजही भेटले की प्रतीवरून वाद घालतात. भाड्याच्या कॅसेटीत नायिकेच्या पायाखालून जाहिरातीची पट्टी सरकत असे, ती कुणी विसरलेले नाही. मग व्ही.सी.डी. आली. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावे, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांवर, आणि मध्यंतर भलत्याच ठिकाणी. २००६-०७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्ही.सी.डी. २८ रुपयांना व डी.व्ही.डी. ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा आठवड्याच्या बाजारातून भाजीबरोबर सिनेमाही घरी येऊ लागला. ती कंपनीही पुढे दिवाळ्यात गेली.

तोच तोच सिनेमा पुन्हा का पाहायचा, असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांना मी उलट विचारतो, दशावतारात संकासुराचे काय होणार हे तुम्हाला ठाऊक नसते काय? तरी थंडीत कांबळे पांघरून दहीकाल्यापर्यंत बसताच ना? सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा. त्याचे मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, पण आपल्याकडे विचाराल तर तो आपलाच. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. त्यानंतर जन्मलेली पोरेही त्यांचे संवाद त्यांच्या आधी म्हणतात. पुढचे माहीत असते म्हणूनच माणूस निवांतपणे नटाची नजर, मागच्या माणसाची गडबड न्याहाळतो.

आता मोबाईलवर सगळे मिळते, मग कॅसेटी कशाला, असे म्हणाल. मोबाईलवरचा सिनेमा आपला नसतो. दाखवण्याचा करार संपला की तो एके दिवशी तिथून नाहीसा होतो. शिवाय माळ्यावरच्या कॅसेटीत नुसता सिनेमा नाही. कुठे मावशीचे लग्न आहे, कुठे जत्रेतले नाटक, कुठे आज हयात नसलेल्या आजोबांचे भजन. अशी एकच प्रत असते, आणि ती कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

सांभाळले नाही तर काय होते, हे आपल्या सिनेमाने सोसले आहे. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘मंथन’ मात्र वाचला. श्याम बेनेगल यांचा हा १९७६चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि त्यात स्मिता पाटील. डॉ. कुरियन यांनी त्याच्या १६ मि.मी.च्या प्रती गावोगाव पाठवल्या. सोबत पशुवैद्य, दुधाचा तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार असे. विस्तार कार्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. त्याच चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हवर पुढे बुरशी चढली आणि आवाजाची फीत पार खराब झाली. मग चित्रपटगृहांत फिरलेल्या प्रतीवरून आवाज घेऊन तो दुरुस्त केला, आणि २०२४ साली फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवला. एक जुनी प्रत शिल्लक होती म्हणून हे जमले.

आता आपल्या माळ्यावर चला. कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकची अर्धा इंच पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या थराने चिकटवलेली लोखंडाच्या ऑक्साईडची भुकटी. हा थर हवेतले पाणी ओढतो. आपल्या पावसाळ्यात दुसरे काय होणार? कॅसेटच्या खिडकीतून पाहा. गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके किंवा कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नका. बुरशीचे कण आतल्या फिरत्या डोक्याला चिकटतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागतात; सडका आंबा पेटीत ठेवण्यातलाच हा प्रकार. ती वेगळ्या पिशवीत बांधून जाणकाराकडे द्या, आणि हाताळताना तोंडाला फडके बांधा.

चांगल्या कॅसेटी पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्पीकरजवळ नको, कारण त्यात लोहचुंबक असते. तबकडी मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. तिची छापील बाजूही जपा. तिथे ओरखडा गेला तर आतला चकचकीत थर उडतो.

पण साठवण हा तात्पुरता इलाज झाला. घरच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायला हव्यात, आणि एक नक्कल मुंबईच्या भावाकडे ठेवावी. त्यासाठी चालू व्ही.सी.आर. लागतो, आणि ते बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६च्या जुलैत थांबली. वाडीत कुणाकडे चालते यंत्र असेल तर आताच विचारून ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दोन-तीन घरांनी मिळून हे काम उरकावे. आधी लग्नाच्या आणि नाटकांच्या कॅसेटी घ्या, सिनेमाच्या मागाहून.